दिलीपचा फॉर्म

शहाद्याच्या स्टँडवरून मी दोनदा घर सोडलं. पहिल्यांदा फौजेत निघालो तेव्हा अख्खी गल्ली पोचवायला आली होती, कपाळभर गुलाल. सतरा वर्षांची नोकरी करून परतलो आणि छत्तिसाव्या वर्षी पुण्याला बी.ए. करायला निघालो, तेव्हा फक्त आई आली. "आते परत कसाले जाई ऱ्हायना, भाऊ?" एवढंच म्हणाली. मी हसलो. दिलीप सोबत होता म्हणून हसू शकलो.

दिलीप शेजारच्या घरातला, माझ्याच पलटणीतला. तो घरची केळी बघत गावातच राहणार होता. पण त्याला मास्तर व्हायचं होतं, हे मला ठाऊक होतं. मीच त्याच्या मागे लागलो.

कॉलेजात आमचा सत्कार झाला. माजी सैनिकांसाठी वेगळा कक्षही होता. म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक भले प्राध्यापक. वर्गात सर आले की आम्ही ताडकन उभे राहायचो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. पोरं 'अंकल, सावधान!' म्हणायची. या चेष्टेला वैतागून दिलीप वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडला.

परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच ग्रुपवर आली. मी माझा भरला. दिलीप खोलीवर नोट्स काढत बसला होता. फौजेत सगळं हजेरीला सांगतात. इथेही कोणी नाव पुकारेल म्हणून तो थांबला. आणि मी? पलटणीत जोडीदाराची पाण्याची बाटली भरलेली आहे का, हे पाहिल्याशिवाय मी कधी पाऊल उचललं नव्हतं. इथे ज्याचं त्यानं बघायचं असतं, हे मात्र मी फार लवकर शिकलो. त्याला विचारलंच नाही.

फॉर्मचं पोर्टल बंद झाल्यावर त्याचा राहिल्याचं कळलं. कक्षातल्या त्या प्राध्यापकांनी अर्ज केले, हात जोडले. काही हललं नाही, त्याचं वर्ष बुडालं. दिलीप मला टोचून बोलला नाही. "तुन्हा भराई गया ना? मंग बस," म्हणाला आणि ट्रंक बांधली. गावी गेला नाही. सुरतेला एका सोसायटीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा असतो. घरी कळू देऊ नको, अशी शपथ घातली.

गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मी आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि या डिग्रीची मला लाज वाटते. पुणे माझं झालं नाही. गावात शिरायचं तर दिलीपच्या ओट्यावरून जावं लागतं. त्याचे वडील, नाना, होळीनंतर वारले, म्हणून आज हे लिहितोय. घर म्हटलं की मला आता मागची दिवाळीच दिसते. नानांनी ओट्यावर माझा हात धरला होता.

"बरा शिकी ऱ्हायना ना मन्हा दिलीप?"

"वर्गात पहिला येतो, नाना," मी म्हणालो.

नानांनी गल्लीभर पेढे वाटले. पहिला माझ्या तोंडात घातला.