तू गेली तं आमची पाठ कोण दाबन?

घरात कापूस भरून ठेवला की काय होतं, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आधी एक कोपरा भरतो. मग अर्धी खोली. मग एक दिवस खाट टाकावी म्हटलं तर जागाच नसते! माझ्याकडच्या किश्शांचं तसंच झालं आहे. आणि सगळ्या किश्शांचं मूळ एकच, माझे हे दोन हात.

मला चारचौघांत बोलता येत नाही. पाहुणे आले की मी दाराआड असते. पण मालिश चांगली करता येते. मालिश करताना बोलावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. अडचण एवढीच की न बोलणाऱ्या माणसाला 'नाही'सुद्धा म्हणता येत नाही.

सुरुवात आईने केली. दिवसभर वाकून कापूस वेचून आली की संध्याकाळी तिची पाठ सरळच होत नसे. एकदा मी जवसाचं तेल कोमट करून तिची पाठ दाबून दिली. आई तिथेच झोपली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी शेतात ती वेचणीच्या बायांना म्हणाली, "आमच्या प्रांजूच्या हाताले लय गुण हाये, माय! पाठ कशी हलकी फुल करून टाकली पोट्टीनं."

वेचणीच्या बाया म्हणजे आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. संध्याकाळी मी शाळेतून आले, तर ओट्यावर बाया बसलेल्या. मला वाटलं, बचत गटाची मीटिंग आहे!

* * *

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे मोठी आई. माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती पालथी पडते आणि ट्रॉली रिव्हर्स घेताना ट्रॅक्टरवाल्याला सांगावं तसं सांगत राहते. "खाले... अजून खाले... डाव्या अंगाले... अवं, पुढं गेली तू, मागं ये!"

जोरात दाबलं तर, "मारतं का मले?" हळू दाबलं तर, "जेवली नाई का वं आज?"

एकदा तिची कंबर दाबत असताना मुकुटबनहून तिच्या भावाचा फोन आला. मोठी आई फोन उचलून "हॅलो" म्हणाली आणि नेमका तेव्हाच माझा अंगठा दुखऱ्या जागी बसला. ती किंचाळली, "आई वं! मेली मी! मेली, मेली, मेली!" फोन हातातून सुटून तेलाच्या वाटीत पडला आणि बंद झाला.

दुपारच्या आत तो भाऊ, म्हणजे आमचा मामा, मामीला घेऊन मोटारसायकलवर हजर! मामी तर गल्लीच्या तोंडापासूनच रडत आली. पाहते तर मोठी आई अंगणात बसून तेलाने चमकत होती आणि ज्वारीची भाकर खात होती. मामाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

मामाने शर्ट काढून खुंटीला लावला आणि खाटेवर पालथा पडला. "आता आलोच हाओ एवढ्या दूर, तं माये खांदे बी दाबून दे."

* * *

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दहावीनंतर मला सायन्स घ्यायचं होतं, तेही पुसदला. तिथे माझी मावशी राहते. "खोली रिकामीच हाये, धाडा पोरीले," असं तिने कधीचंच सांगून ठेवलं होतं. हो की नाही ते बाबा ठरवणार होते आणि बाबा नुसतं "पाहू" म्हणत. बाबांच्या "पाहू"चा अर्थ आजपर्यंत कोणाला कळलेला नाही. मागच्या वर्षी गोठ्याचं टिनही "पाहू" होतं. ते अजून पाहणंच चालू आहे.

आणि मी जिची जिची पाठ दाबली, ती ती बाई मध्येच मान वळवून विचारायची, "काहून वं, तू पुसदले चालली म्हणते? मंग आमची पाठ कोण दाबन?"

मला डॉक्टर व्हायचं की इंजिनिअर, हे कोणी विचारलं नाही. प्रश्न फक्त पाठीचा!

* * *

शेजारच्या सिंधूकाकू फार काटकसरी. त्यांच्या घरात काही वाया जात नाही. एकदा त्यांनी काकांना पाठवलं, तेही स्वतःचं तेल देऊन. "दरखेपी तुमचं तेल कायले?" मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी विचार करतो!

तेल जरा काळपट होतं. मला वाटलं, औषधी असेल. काकांच्या खांद्यांना, पाठीला, दंडाला सगळीकडे चोळलं. काका खूश होऊन तसेच मारेगावच्या बाजाराला गेले.

संध्याकाळी काका परत आले ते थेट आमच्या दारात. "प्रांजू, कोणतं तेल लावलं बाप्पा तू? बसमधी बाजूचा माणूस सारखा मायाकडं वास घ्यून राह्यला. शेवटी म्हणते, भाऊ, भजे कुठं भेटले?"

मी घाबरून कुंपणापलीकडे उभ्या काकूंकडे पाहिलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "पोळ्याच्या तळणाचं उरलं होतं. फेकून कायले द्याचं?"

काकांना रागवायचं होतं, पण त्यांच्या मागोमाग गल्लीतली दोन कुत्री आली होती. ती हाकलण्यातच त्यांचा वेळ गेला.

* * *

शाळेत तरी सुटका असेल असं वाटेल. नाही! माझी मैत्रीण सपना तांड्यावरून सायकलने येते. तिचं डोकं ऊन लागून दुखायचं. एकदा मधल्या सुट्टीत मी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. दुसऱ्या दिवशी तीच घरून बाटली घेऊन आली. "माह्या याडीनं दिली," म्हणाली. याडी म्हणजे तिची आई. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या मुली रिबिनी सोडून रांगेत!

घंटा झाली तरी माझे हात कोणाच्या तरी केसांतच होते. तेवढ्यात गणिताचे सर आले आणि त्यांनी नेमकं मलाच फळ्यावर बोलावलं. मी घाबरले की आधाराला फळ्यावर हात टेकवते, ही माझी सवय. टेकवला. गणित काही आलं नाही, म्हणून दुसराही टेकवला.

मी जागेवर येऊन बसले तेव्हा फळ्यावर तेलाचे दोन पंजे उमटले होते. सरांनी तिथे खडू घासून पाहिला. खडू सर्रकन घसरला. पुन्हा घासला. पुन्हा घसरला. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "आतापर्यंत तुमच्या डोक्यात गणित चढत नव्हतं. आता फळ्यावर बी चढत नाही."

* * *

त्याच सरांचा पुढचा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे मानतात. मी मानत नाही. पण मला कोण विचारतं?

एका रविवारी सर कमरेला हात लावून, वाकडे होत आमच्या अंगणात आले. मोटारसायकलला किक मारताना उसण भरली होती. आधी मी तेल लावून दाबून पाहिलं. फरक पडेना. तेव्हा मोठी आई आतून ओरडली, "अवं, पोट्टी पायाळू हाये नं! लाथ मार म्हणा!"

सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मार, बेटा."

सरांना लाथ! मला तर सरांच्या खुर्चीला पाय लागला तरी नमस्कार करायची सवय. तोपर्यंत वर्गातली पोरं कुंपणावर येऊन बसली होती. मी डोळे मिटून हळूच पाय लावला.

"हे काय? चिमणी बसली का?" सर म्हणाले.

"मार वं जोऱ्यानं! माणूस कवापासून उभा हाये!" आई.

मी मारली. जरा जास्तच लागली. सर भिंतीला जाऊन टेकले आणि कुंपणावर टाळ्या वाजल्या! मी धावत जाऊन त्यांच्या पाया पडले. सर हळूहळू सरळ झाले, इकडे वळून पाहिलं, तिकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "निघाली की!"

खरी गंमत पुढेच आहे. पोरीला सायन्ससाठी पुसदला पाठवा, असं बाबांना सगळ्यात आधी याच सरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी चहा पिताना मी मोठ्या आशेने दाराआडून ऐकत होते. सरांनी कमरेवरून एकदा हात फिरवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तसं पाहिलं तं, मारेगावले बी सायन्स काही वाईट नाही."

* * *

दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. पेढे वाटून झाले आणि संध्याकाळी माझं काय करायचं ते ठरवायला सगळे अंगणात जमले. मोठे बाबा, मोठी आई, सिंधूकाकू, काका. माझ्या भविष्याची चर्चा चालू होती आणि मी कुठे होते? मोठ्या बाबांच्या पोटऱ्या दाबत होते!

"पोरीच्या जातीनं एवढ्या दूर कायले जाव?" मोठे बाबा पालथे पडूनच म्हणाले. "मारेगाव काय वाईट हाये? सकाळी बसनं जाईन, संध्याकाळी घरी. जराक वर दाब वं प्रांजू."

मी जराक वर दाबलं.

"संध्याकाळी घरी असली म्हणजे घरच्यायले बी बरं," मोठी आई म्हणाली. "माई कंबर तं आता दुसऱ्या कोणाचा हातच घेत नाई."

"आमच्या यायचे खांदे..." सिंधूकाकूंनी सुरू केलं.

आई एवढंच म्हणाली, "तिची इच्छा पुसदची हाये." तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. माझं नाव सगळे घेत होते, पण मला मात्र कोणीच काही विचारत नव्हतं. माझा अंगठा आपोआप रुतला.

"हळू वं! जीव घेतं का?" मोठे बाबा ओरडले.

बाबा सुपारी कातरत बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "पाहू."

त्या रात्री मी जेवले नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा.

बाबांनी माझ्याकडून कधीच मालिश करून घेतली नव्हती. फवारणीचा पंप पाठीवर वाहून त्यांचे खांदे काळे-निळे होत, तरी विचारलं की, "मले काही झालं नाई." तेव्हा शेतात सरकीची टोबणी चालू होती. दिवसभर वाकून मातीत एकेक बी टाकायचं काम. त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बाबा शेतातून आले, हातपाय धुतले आणि त्यांनी स्वतः खाट ओढून अंगणाच्या मधोमध टाकली. बनियन काढलं. पालथे पडले.

"चाल, प्रांजू. साऱ्या गावाची दाबतं, आज माई दाब."

मोठी आई तांदूळ निवडता निवडता थांबली. सिंधूकाकू कुंपणापाशी आल्या. मोठे बाबाही बाहेर आले. मी तेल कोमट करून आणलं.

बाबांची पाठ म्हणजे वखराची फळी! बोट रुतेना. मी मानेपासून सुरू केलं, खांद्यांवर आले, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवत खाली गेले. मला येतं ते सगळं केलं. हळूहळू पाठ सैल झाली. हात खाटेवरून खाली लोंबले. आणि बाबा घोरायला लागले. साधंसुधं नाही! अंगणातली कोंबडी दचकून उडाली. मोठी आई हसून काकूंना म्हणाली, "पाहा, गेले!"

कितीतरी वेळ मी दाबत होते आणि बाबा घोरत होते. शेवटी मोठ्या बाबांनी खाटेचा पाय हलवला. बाबा उठून बसले. डोळे चोळले. खांदे वरखाली करून पाहिले. बनियन घातलं. मग सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "काहीच फरक नाई पडला बाप्पा! उगाच साऱ्यायनं पोट्टीचं नाव करून ठेवलं. असा हात घरी ठेवून काय कराचं? जाऊ द्या तिले पुसदले. शिकन तरी."

मोठ्या आईचं तोंड उघडंच राहिलं. मोठे बाबा खाटेकडे पाहत राहिले.

मला इतका राग आला! साऱ्या गावासमोर माझ्या हाताला नाव ठेवलं! आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत तोंड उघडलं. "पण बाबा, तुम्ही तर आत्ता..."

तेवढ्यात आईने मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. इतका जोरात, की तो निळा डाग घेऊनच मी पुसदच्या बसमध्ये बसले.