लांडगा कडेनंच येतो

माझं काम ऐकलं की नातेवाईक हसतात. मी कॉम्प्युटरवरच्या गेमची चित्रं रंगवते. त्यातलं एक काम माझ्या लई आवडीचं, व्हिनेट. पडद्याच्या चारी कडा हळूहळू काळ्या करत न्यायच्या, म्हणजे खेळणाऱ्याची नजर आपसूक मधोमध राहते.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते भडकलेच. सारा जन्म त्यांनी गंगापूरकडं मेंढरं राखलेली. दुष्काळात माळ वाळला, मग त्याच माळावर प्लॉट पडले, तेव्हा कळप विकून ते सिडकोत माझ्याकडं राहायला आले. त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर एक रान होतं.

"कड कशाला काळी करतीस?" ते म्हणाले. "लांडगा कडेनंच येतो."

मेंढक्या कळपाच्या मधी बघतच नाय, त्याची नजर कायम कडंला, असं त्यांनी मला तासभर ऐकवलं. मी काय कमी हट्टी? तुमचा काळ गेला आबा, म्हटलं, अन् कड आणखी काळी केली.

दोन उन्हाळे गेले. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. टँकरवरून भरलेले हंडे घरात भिंतीच्या कडेनं मांडलेले असत, अन् येता-जाता आबांचा पाय नेमका त्यांनाच लागायचा. पाणी सांडलं की माझं डोकं फिरायचं. दिसत नाय का, म्हणून मी कितीदा खेकसले असेन. ते फडक्यानं पाणी टिपून घ्यायचे अन् तुळशीत पिळायचे.

मग एक दिवस त्यांना नव्या गेमचं रान दाखवलं. एकदा व्हिनेट लावून, एकदा काढून. पडद्याजवळ तोंड नेऊन ते म्हणाले, दोन्ही सारखंच हाय की, झकास. मी पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. सारखंच. मला वाटलं, कडेचा हट्ट सुटला, आले आबा ताळ्यावर. ऑफिसात हे हसत-हसत सांगितलंसुद्धा. जळो ते माझं शहाणपण!

पुढच्याच महिन्यात दूध आणताना त्यांना बाजूनं आलेल्या स्कूटरनं पाडलं. फार लागलं नाही, पण मी त्यांचे डोळे तपासून घेतले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला अन् त्याच्या कडा पेनानं काळ्या करत आणल्या. एवढं गेलंय, ते परत येणार नाही, म्हणाले. मधलं टिकवायला थेंब लिहून दिले. मी त्या कागदाकडं बघत राहिले. रोज मी तेच तर रंगवत होते.

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. हंड्यांवरून बोलले ते सगळं आठवत होतं. आबांनी चाचपत माझा खांदा धरला.

"रडू नको, माय. आता कडंनं तू चाल. लांडगा आला की सांग म्हंजे झालं."

समोर भरधाव रस्ता होता. मी त्यांच्या डाव्या अंगाला झाले. उजवी कड उघडीच राहिली.