भरतीच्या वेळेचं मलम

उन्हाला पाठ न दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे धाकटे दीर. धरमतरच्या खाडीला आमचं मिठागर. तिथे ते उभा जन्म उघड्या डोक्याने वावरले. छत्री पावसासाठी असते, उन्हात ती उघडणारा एकतर आजारी असतो नाहीतर पुढारी, असं त्यांचं मत. एकदा मी टोपी आणून दिली, तर तिच्यात चिंबोऱ्या भरून घरी घेऊन आले. भर दुपारी गावातली कुत्रीसुद्धा पडवीत शिरतात, तेव्हा भावजी सदरा काढून फावडं घेऊन उभे. मिठाचा दाणा त्याच वेळी धरतो, आणि तेव्हा जवळ कोणी नसलं तर तो रुसतो, अशी त्यांची समजूत.

घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. सगळं भरती-ओहोटीवर. केस ओहोटीला कापायचे, म्हणजे उशिरा वाढतात. मुलीच्या लग्नात तर त्यांनी भटजींना पाणी चढेपर्यंत थांबवलं. मुहूर्त टळला, वऱ्हाड उपाशी बसलं, पण ओहोटीला मुलगी द्यायची नाही म्हणजे नाही. ती मुलगी रोह्याजवळ वरसे गावात सुखाने नांदते आहे, त्यामुळे आम्हाला बोलायची सोय राहिली नाही.

या उन्हाने त्यांचं कपाळ सुकलेल्या चिखलासारखं खरखरीत झालं होतं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, आमच्याकडे सगळ्यांचंच होतं. पण डाव्या कानाच्या कडेला एक खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. ते तिला मिठाचं पाणी लावायचे. उशांचे अभ्रे मी धुते, म्हणून मला ते रक्त दिसलं. चौऱ्याण्णव साल असेल. पेणला कातडीची एक डॉक्टरीण आठवड्यातून एकदा बसायची. मी त्यांना एस.टी.त घालून नेलं.

बाई वयाने लहान, पण हुशार. भिंग लावून तिने कपाळ पाहिलं, कान पाहिला, आणि किती वर्षं उन्हात काम करता म्हणून विचारलं. हे म्हणाले, "मी कुठं मोजलीत? ऊन रोज येतं, मी पन रोज जातो." ती हसली नाही. कानाचा बारीकसा तुकडा काढून तिने तपासायला मुंबईला पाठवला, आणि कपाळासाठी मलम दिलं. दिवसातून दोनदा लावा, लावून उन्हात जाऊ नका, असं सांगितलं.

दिवसातून दोनदा म्हटल्यावर यांनी ते भरतीला बांधून टाकलं. भरतीही दोनदाच येते. सुरुवात केली अष्टमीला. तेव्हा पाणी सकाळ-संध्याकाळ चढत होतं, म्हणून मलाही काही कळलं नाही. पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. पुनवेपर्यंत ती भर दुपारवर आली, आणि हे मिठागरात उभं राहून, वर सूर्य घेऊन, कपाळाला मलम चोळू लागले. तोंड लाल होऊन सुजलं, डोळे मिटले. गाव म्हणालं, औषधच खोटं. पुन्हा जाणार नाही म्हणून ते अडून बसले. मी तसंच ओढून नेलं.

डॉक्टरणीने कधी कधी लावता म्हणून खोदून विचारलं, तेव्हा भरती बाहेर आली. मग तिने मलम माझ्या हातात दिलं. सूज उतरेल म्हणाली. कानाचं मात्र तिने सरळ सांगितलं. तो कातडीचा कॅन्सर होता, लहान होता, आत्ता काढला तर माणूस वाचेल. पण यापुढे दुपारचं ऊन बंद.

"दुपार नाय तं मीठ नाय, बाई," हे म्हणाले आणि उठायला लागले.

मी म्हटलं, "भावजी, मीठ दुसरा कोनी ओढील. तुमच्या तेराव्याचा सैपाक मला करायला लावू नका."

ते बसले. त्या महिन्यात कानाची कड कापली.

मिठागर शेजारच्या एका गड्याकडे दिलं. भावजी पडवीत बसू लागले, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. जेवण जाईना. दुपार झाली की मला म्हणायचे, "वैनी, जरा जाऊन बघ गो, दाना कसा परलाय." मी चपला घालून जायची, पाहून यायची.

"बारीक परलाय. मातकट हाय," मी सांगितलं. खरंच होतं ते.

"व्हय?" म्हणाले, आणि त्या दिवशी ताटातला भात संपवून पुन्हा मागितला. तो सगळा उन्हाळा माझ्या अशाच बातम्यांवर ते जेवले.

पुढच्या उन्हाळ्यात गड्याचा हात बसला. मी जाऊन पाहिलं, तर टपोरा, पांढराशुभ्र दाणा. परत येऊन तसंच सांगितलं. मला दुसरं सांगता येत नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. मग म्हणाले, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चपला घालून दारात उभी राहिले. पण दाणा बघून ये, असं ते म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि चपला काढल्या.