सरांची दुरुस्ती

बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पुण्याहून वणीला आले ती लॅपटॉप घेऊनच. आमच्या गटाचं काम होतं आकाशभरातल्या लाखो दीर्घिकांच्या, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांच्या, नोंदी तपासायचं. त्या कुठे दाट आहेत, कुठे विरळ, यावरून विश्व कसं पसरत गेलं ते कळतं. आकाशाच्या एका भागात त्या अपेक्षेपेक्षा फार कमी आढळल्या होत्या. गटाचे प्रमुख, माझे सर, हा नवा शोध मांडणारा शोधनिबंध छापायला पाठवायच्या घाईत होते.

बाबा झोपले की मी शेजारी बसून आकडे बघायची. एका दुपारी लक्षात आलं, दीर्घिका कमी होत्या तिथेच आपल्या आकाशगंगेतली धूळ जास्त होती. त्या कमी नव्हत्याच, धुळीने झाकल्या होत्या. धूळ नीट हिशेबात धरली की आमचा शोध उरतच नव्हता. पुन्हा पुन्हा पडताळलं आणि सरांना फोन केला.

"तू वडिलांकडे लक्ष दे," सर म्हणाले. "हे आत्ता कुणाजवळ बोलू नकोस. आपण बघू."

बघितलं नाही. निबंध छापून आला. मी लेखी विचारलं, तर सरांनी माझी फेलोशिप वाढवली नाही. मी वणीच्या कॉलेजात शिकवायला लागले.

पुढे परदेशातल्या एका गटाला तीच चूक सापडल्याची कुणकुण लागली, तशी सरांनी घाईने दुरुस्ती छापली. त्यात माझा उल्लेख नव्हता. स्वतःची चूक कबूल करणारा शास्त्रज्ञ म्हणून पेपरात त्यांचं कौतुक आलं.

बाबांनी ते वाचलं. "हे तं तूच सांगतलं होतं ना, इथी बसून? मंग तुह्यं नाव काहून नाही?"

"नाही टाकलं, बाबा."

"फोन कर त्यायले."

"केला होता."



गेल्या महिन्यात सर यवतमाळला व्याख्यानाला आले. विषय होता विज्ञानातला प्रामाणिकपणा. प्राचार्यांनी मला विद्यार्थ्यांसोबत पाठवलं. सरांनी व्यासपीठावरून मला ओळखलं, उभं राहायला लावलं.

"ही माझी जुनी विद्यार्थिनी. हिला सगळ्यांच्या चुका काढायची भारी सवय!"

सभागृह हसलं. माझे विद्यार्थीही हसले. सर पुढच्या मुद्द्याकडे वळले. मला बसायला सांगायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.