मंगळापर्यंतचा डबा

अंतराळयान किती लांब जाईल ते इंजिनावर ठरतं, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. आत माणसं बसवायची असतील तर ते जेवणाच्या डब्यावर ठरतं. चंद्रावर जाऊन यायला आठवडा-दीड आठवडा, तेवढं काहीही टिकतं. मंगळावर जाऊन यायचं म्हणजे तीनेक वर्षं. तोवर टिकणारं, आणि तरी तोंडात घालावंसं वाटणारं जेवण करायचं काम आपल्या या बाईंकडे होतं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत.

तीन वर्षांपूर्वी काकूंनी वाटाणा-बटाट्याचा रस्सा करून पाकिटांत हवाबंद केला होता. आज त्याची चव बघायची होती. नापास झाला तर पदार्थ कायमचा बाद, आणि काकू तर पुढच्या महिन्यात निवृत्त. पुन्हा तीन वर्षं थांबणार कोण?

पंचाईत अशी, की प्रयोगशाळेतली पोरं काकूंच्या हातचं काहीही "मस्त" म्हणून चाटूनपुसून खायची. साहेब वैतागले. "तोंडावर खरं बोलणारं कुणी आहे का हो?"

काकू म्हणाल्या, "आमच्या सासूबाई आहेत."

लग्न झाल्यापासून सुनेच्या हातचं त्यांना कधी धड आवडलं नव्हतं. रोज ताटात टाकून उठायच्या.

ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या. पुढ्यात दोन वाट्या ठेवल्या. एकीत पाकिटातला रस्सा, दुसरीत काकूंनी आज सकाळी केलेला. कुठला कुठे, ते त्यांना सांगितलं नाही. काकूंचा जीव टांगणीला लागला.

पहिल्या वाटीतला चमचा तोंडात गेला आणि सासूबाईंनी नाक मुरडलं. "कच्चट लागतंय. घाईत उरकलंय." वाटी बाजूला सरकवली. ती सकाळची होती.

दुसरीतला एक चमचा घेतला, मग दुसरा. शेवटी त्यांनी वाटीच तोंडाला लावली. "हं. हा मुरलाय. रस्सा असा हवा."

साहेब टाळ्या पिटत सुटले, पोरं नाचायला लागली. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या रिकाम्या वाटीकडे बघत होत्या आणि डोळे घळाघळा वाहत होते. इतका आनंद त्यांना या नोकरीत कधी झाला नव्हता.

"रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "अजून वाढ."

"आई, ती पाकिटं मंगळावर जाणाऱ्यांची आहेत."

"निघालेत का ते?"

"नाही, अजून बरीच वर्षं आहेत."

"मग थांबतील," म्हणत सासूबाईंनी वाटी पुढे केली. "मी किती वर्षं थांबले."