पुलाची तब्येत

आमच्या कौन्सिलच्या ब्रिज सेक्शनमध्ये एक मराठी सीनियर होते. नॉटिंगहॅमबाहेरच्या जुन्या हायवेवरचा, घोडागाड्यांच्या काळातला दगडी पूल दरवर्षी तेच तपासत. कमानीखाली उभे राहून बोटाच्या पेराने दगड ठोठावत, कान लावत आणि म्हणत, "ठणठणीत आहे रे! तुला-मला पोचवून मग जाईल." मग रिपोर्टवर गेल्या वर्षीचंच वाक्य उतरवत: सर्व वाहनांसाठी सुरक्षित.

मी तिथे नवा होतो, घराण्यातला पहिला पदवीधर. फाइल कशी वाचायची हे मला त्यांनीच शिकवलं, ते मी विसरणार नाही. पण पुलापलीकडेच राहणारे हे गृहस्थ रोज तीन मैल वळसा घालून घरी जातात, हेही मला दिसत होतं.

त्या वर्षी त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "या वेळी सही तू कर. इंग्लंडच्या पुलाला तुझी सही! वडिलांना फोटो पाठव."

वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पाठोपाठ पुलावरून जाणारी शाळेची बसही आली.

मी म्हणालो, "काका, आधी तुमच्या गाडीतून पलीकडे जाऊन येऊ या."

त्यांनी किल्ली खिशात टाकली. "चालतच जाऊ. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय मला."

आम्ही चालत जाऊन आलो. मग मी रिपोर्टवर लिहिलं: फक्त पादचाऱ्यांसाठी सुरक्षित.

त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि माझ्याआधी स्वतः सही केली.