दारावरची पारख

भाऊंना एका गोष्टीचा भारी गर्व होता. माणूस दारात उभा राहिला की तो कोण, कशाला आलाय, आत घेण्यासारखा आहे की नाही, हे आपण डोळे मिटून सांगतो, असं ते म्हणत. डोळे मिटून सांगतोस म्हणूनच घोटाळे होतात, असं त्यांचा जोडीदार मिस्त्री म्हणायचा.

भाऊ आणि मिस्त्री, दोघं मिळून बावीस वर्षं नाइटक्लब चालवत होते. गे, लेस्बियन, ट्रान्स, घरी नकोशी झालेली, घरी सांगायची हिंमत न झालेली, सगळी तिथे नाचायला येत. मिस्त्री दिवे आणि यंत्रं बघायचा आणि गरजेपुरतं बोलायचा. उरलेलं सगळं बोलणं भाऊंकडे. पोट सुटलेलं, केस काळेभोर रंगवलेले, मिशीला मात्र रंग लावायचा कंटाळा. "वरचा मजला तरुण, तळमजला म्हातारा," असं ते आरशात बघून स्वतःच म्हणायचे.

सोमवारी क्लब बंद असे. या पोरांनी आपल्याला पोसलं, मग आपणही त्यांच्या उपयोगी पडायला नको का, म्हणून नऊ वर्षांपूर्वी दोघांनी सोमवारची दुपार 'भेटी'साठी ठेवली. घरच्यांनी टाकलेल्यांनी घरच्यांना तिथे बोलवायचं. नाचायच्या जागेत मधोमध एक टेबल, दोन खुर्च्या, चहाची किटली. घरी भेटलं तर घरचे वरचढ, हॉटेलात भेटलं तर चारचौघांच्या नजरा. इथे दुपारी काळं कुत्रं फिरकत नाही. उजेडात भिंतींचे पोपडे दिसायचे, जमीन चिकट लागायची. "मेकअप उतरल्यावर मी असाच दिसतो," भाऊ पाहुण्यांना सांगायचे.

त्या सोमवारी पाळी शिंपिणीची होती. क्लबात गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे चमचमते कपडे तीच शिवायची. अकरा वर्षांपूर्वी आईने तिला घराबाहेर काढलं, तेव्हा आईच्या लेखी ती मुलगा होती. आता आईचं दोन ओळींचं पत्र आलं होतं. भेटायचंय, कुठे येऊ? शिंपिणीने क्लबचा पत्ता कळवला आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"भाऊ, आज ती आली नाही ना, तर मी परत नाही बोलावणार. नाही झेपायचं मला."

"मी आहे ना दारावर! हजार बायकांत आई ओळखीन. डोळ्यांत पाणी, हातात खाऊचा डबा."

मिस्त्री शिडीवर बल्ब बदलत होता. "तू फक्त दार उघड," तो वरून म्हणाला. "बाकी काही करू नकोस."

क्लबचा एक जुना नियम होता. समोरच्या फुटपाथवर कुणी दहा मिनिटांहून जास्त टक लावून उभं राहिलं, की भाऊंनी जाऊन हटकायचं. आत कोण जातंय ते टिपून एकाने एका पोराची नोकरी घालवली होती, तेव्हापासूनचा.

तीन वाजायच्या सुमाराला समोरच्या लॉन्ड्रीपाशी एक बाई दिसल्या. ताठ कणा, जाड चष्मा, काखेत फाइल, हातात कागद. कागदाकडे बघायच्या, पाटीकडे बघायच्या, पुन्हा कागदाकडे. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीने क्लब बंद करायला सह्या गोळा केल्या होत्या. भाऊंनी पारखलं, ही त्यांचीच. पाणी नाही, डबा नाही. तरातरा रस्ता ओलांडून ते बाईंसमोर उभे राहिले.

"काय बाई, कुणाची नोंद चाललीय?"

"नाही, हा पत्ता..."

"पत्ता बरोबर आहे. पण तुमचं इथे काही काम नाही. सरळ चालू लागा."

बाईंनी कागदाची घडी घातली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. भाऊ छाती काढून परत आले.

सव्वातीनला शिंपीण दारात आली. "अजून नाही? तिला उशीर खपत नाही हो. शाळामास्तरीण ती. फाइल काखेत मारल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही."

भाऊंनी समोरच्या रिकाम्या फुटपाथकडे बघितलं.

"जरा दूध बघून येतो," ते म्हणाले आणि धावत सुटले. धावत म्हणजे काय, पोट पुढे आणि भाऊ मागे. एक चप्पल कोपऱ्यावर तुटली, ती तिथेच टाकली. बाई बसस्टॉपच्या बाकावर बसल्या होत्या. भाऊ बाक धरून धापा टाकू लागले. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

"आधी श्वास घ्या."

"बाई, मी गाढव आहे. बावीस वर्षांचं, मुरलेलं गाढव. तुमची मुलगी आत बसलीय हो. सकाळपासून तीनदा कपडे बदललेत तिने. मी तुम्हाला हाकललं हे तिला माहीतही नाही. मला दोन थोबाडीत मारा, पण चला."

बाईंनी फाइलवर हात ठेवला. "तिचे शाळेचे दाखले आहेत यात. अंगावरच्या कपड्यांनिशी गेली होती ती. अर्धा तास उभी होते मी तिथे, पाय उचलत नव्हता. तुम्ही जा म्हणालात, तर सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते."

भाऊंनी बाटलीचं झाकण लावून ती परत दिली.

"मीही हेच म्हटलं होतं तिला. चालू लाग. आणि दार लावून घेतलं." बाईंनी त्यांच्या अनवाणी पायाकडे बघितलं. "तुम्ही परक्या बाईमागे धावत आलात. मी पोटच्या पोरामागे जिनासुद्धा उतरले नाही."

बस आली, थांबली. "येताय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

लॉन्ड्रीपाशी येऊन त्यांचे पाय पुन्हा अडले. समोर क्लबच्या दारात शिंपीण उभी होती. तिने आईला बघितलं आणि इकडेतिकडे न बघता थेट रस्त्यात उतरली.

"अगं, गाडी बघ! गाडी!" आई ओरडली, आणि स्वतःही तशीच धावत सुटली.

भाऊंनी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरले. चार गाड्या करकचून थांबल्या. "मरायचंय का म्हाताऱ्या?" एकाने खिडकीतून विचारलं.

"थांब रे बाबा, दोन मिनिटं," भाऊ रडत रडत म्हणाले. "अकरा वर्षांनी भेटतायत."